फायलीतला मुलगा

प्रश्न : कम्युनिस्ट राजवटीतल्या गुप्त पोलिसांच्या फायलींवरून पूर्व युरोपात नाटकं होतात, असं वाचलं. पण ज्यांनी लोकांची तोंडं बंद केली, त्यांच्याच कागदांवर विश्वास कसा ठेवायचा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : विश्वास ठेवू नका, ते कागद मोठ्याने वाचा. १९८१ साली रुमानियातल्या बोतोशानी शहरात मुगुर कालिनेस्कू या शाळकरी मुलानं खडूनं, ठळक मोठ्या अक्षरांत घोषणा लिहिल्या. मागणी स्वातंत्र्याची होती, अन्नटंचाईबद्दल संताप होता. 'सेक्युरिताते' या तिथल्या गुप्त पोलीस दलानं हस्ताक्षरं ताडून त्याला शोधलं, घरातलं बोलणंही चोरून टिपलं. १९८५ मध्ये तो ल्युकेमियानं गेला. नाटककार-दिग्दर्शक जानिना कर्बुनारियू यांनी २०१३ मध्ये त्याच फायलीतून नाटक उभं केलं.

मला त्यातले आईवडील सर्वांत अस्वस्थ करतात. ते मुलाला रागावतात. टिपणाऱ्याच्या लेखी तो राग फक्त पुरावा. नटाच्या तोंडून मात्र त्या रागाखालची भीती ऐकू येते. यासाठीच रंगभूमी हवी.

फाइल कुठे अपुरी पडते तेही ध्यानात घ्या. रुमानियातलं सेन्सॉर खातं १९७७ मध्ये अधिकृतरीत्या बंद झालं, पण लिहिणारे स्वतःच कात्री चालवत राहिले. (१९८३ पासून तर टंकलेखन यंत्रांचीही पोलिसांकडे नोंद करावी लागे.) न लिहिलेल्या ओळीची नोंद कुठल्याच दप्तरात नसते, त्यासाठी हयात माणसांना गाठून विचारावं लागतं. आणि प्रयोगात कुठलं वाक्य फायलीतलं, कुठलं तुमचं, हे प्रेक्षकाला स्पष्ट कळू द्या.