आधी पक्षी चौकटीत सापडू दे, झूमचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुर्बीण आहे, चेकलिस्ट, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांची यादी, नियमित भरता, फोटो भिंतीवर लावायचे नाहीत. फक्त ‘हाच पक्षी होता’ हे दाखवता आलं पाहिजे. मग १२५ एक्सचा, म्हणजे १२५ पट झूमचा, निकॉन पी१००० घ्यावा, की पी९५०, की कॅनन एसएक्स७०, की मोठ्या सेन्सरचा सोनी आरएक्स१० मार्क ४?

मी नऊ-दहा वर्षं असलेच फोटो काढते आहे. त्यातले निम्मे कुणाला दाखवायची लाज वाटावी असे आहेत, पण कामाला बहुतेक सगळे आले. म्हणून सांगते, झूमचा आकडा जरा बाजूला ठेवा. पक्षी नजरेला पडल्यापासून चौकटीत येईपर्यंत किती वेळ जातो, ते बघा.

माझ्या पहिल्या ब्रिज कॅमेऱ्याला (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा कॅमेरा; वरचे सगळे याच जातीचे) झूम भरपूर होता. वेताच्या दाटीत एक वटवट्या बसला होता, मी थेट पूर्ण झूमवर गेले आणि मग नुसती पिवळी धूसर पानं धुंडाळत राहिले. झूम मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. सापडला तेव्हा कॅमेऱ्याने पुढच्या काडीवर फोकस धरला आणि तेवढ्यात तो उडाला. चूक माझीच होती, पण ती चूक करायला पूर्ण झूम फार मदत करतो.

आता आकडे, कारण जाहिरातीत ते अर्धेच असतात. ५० मीटरवर बसलेला, चिमणीएवढा, १५ सेंटीमीटरचा पक्षी धरा. पूर्ण झूमची पोच मिलिमीटरमध्ये सांगतात, आकडा मोठा तितका पक्षी मोठा. सोनीच्या ६०० मिलिमीटरला तिथे चौकटीची रुंदी ३ मीटर भरते. कॅननच्या १३६५ला साधारण १.३ मीटर, पी९५०च्या २०००ला ९० सेंटीमीटर आणि पी१०००च्या ३०००ला ६०. पक्ष्याच्या लांबीला वाट्याला येणारे पिक्सेल याच क्रमाने सुमारे २७५, ५९०, ७७० आणि ११५०. सोनी फारच मागे पडला असं वाटतं ना? पण हे पिक्सेल एका तोलाचे नाहीत. सोनीचा एक इंची सेन्सर बाकीच्यांच्या १/२.३ इंची सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळाचा आहे आणि पूर्ण झूमलाही अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ४ राहतं (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). बाकीचे एफ६.५वर येतात, पी१००० तर एफ८वर. छोट्या सेन्सरवर एफ६.५ला विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून येताना प्रकाश फाकतो म्हणून, प्रकाशाचा एक ठिपका सहा-सात पिक्सेल रुंदीत पसरतो. त्यामुळे ७७० पिक्सेलमध्ये ७७० पिक्सेलचा तपशील नसतो.

आणि ओळखायला लागतं तरी किती? चिखलात चरणारा एक तुतवार (पाणथळीतला लांब चोचीचा छोटा पक्षी) मी दुर्बिणीतून ‘हिरवा तुतवार’ म्हणून लिहूनही टाकला होता. घरी फोटो मोठा करून पाहिला. डोकं हललेलं, सगळीकडे रवाळपणा. पण पांढरी भुवई डोळ्यापाशी न थांबता पार मागे गेलेली दिसत होती आणि पाय पिवळसर होते. म्हणजे ठिपकेदार तुतवार. हिरव्याची भुवई डोळ्यापर्यंतच असते. निकाल लागला तो भुवईच्या चार-पाच पिक्सेलवर! पाठोपाठ तो उडाला तेव्हाचा एक फोटो आहे, त्यात पक्षी म्हणजे नुसता फराटा आहे, पण पंखांची खालची बाजू फिकट दिसते. हिरव्याची काळपट असते. तो फराटा मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हा १२०० मिलिमीटरच्या पुढे जे मिळतं ते चांगलंच, पण त्यासाठी काय सोसायचं हे ठरवा. पी१०००चं वजन १४०० ग्रॅमच्या वर आहे. गळ्यात ८x४२ची दुर्बीण असेल तर आधीच सहा-सातशे ग्रॅम आहेत. चार दिवस हौसेने न्याल आणि पाचव्या दिवशी तो घरी राहील. मचाणावर किंवा ट्रायपॉड लावून एका जागी बसणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. पी९५० एक किलोचा आहे. त्याच्या लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, पक्षी पुन्हा मध्यावर घ्यायचा, सोडलं की झूम परत पुढे. कॅनन एसएक्स७०लाही अशीच सोय आहे आणि तो सहाशे ग्रॅमच्या आसपासच भरतो. या एका बटणासाठी मी वीस एक्स झूम आनंदाने सोडीन.

पॅनासॉनिक एफझेड८२ तुमच्या यादीत नाही, पण हात आखडता असेल तर वाईट नाही. १२०० मिलिमीटरपर्यंत जातो, हलका आहे. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, मात्र बारीक आणि सुमार. नंतर आलेल्या एफझेड८२डीमध्ये तो सुधारला आहे. व्ह्यूफाइंडरच नसलेला कॅमेरा कितीही झूमचा असो, घेऊ नका. हात लांब करून, उन्हात स्क्रीनकडे बघत पक्षी शोधणं हा छळ आहे.

उडते पक्षी हवे असतील तर या सगळ्यांत सोनीच. त्याच्या फोकसला फेज डिटेक्शन आहे, म्हणजे हलत्या पक्ष्यावर तो झटकन फोकस धरतो, बाकीचे बसलेल्या पक्ष्यावर ठीक आणि उडत्यावर भांबावलेले. दाट झाडीत, कातरवेळी फिरणं जास्त असेल तरी सोनीच. पाणथळीवर, गवताळ माळावर, जिथे पक्षी जवळ येऊच देत नाही, तिथे पी९५०. दोन्ही थोडं थोडं आणि चालणं खूप, तर एसएक्स७०. तुमच्या वर्णनावरून मला तुम्ही या तिसऱ्या गटातले वाटता.

एक गोष्ट कुठलाच कॅमेरा सोडवत नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून शंभर मीटर पलीकडचा पक्षी काढला की हवाच थरथरते. फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो आणि झूम वाढवला की थरथरही वाढते. तिथे सकाळी लवकर जाणं एवढाच इलाज.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी डिजिटल झूम बंद करा, फोकसचा चौकोन लहान करून मध्यावर आणा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा. हो, घड्याळ! चेकलिस्टची वेळ आणि फोटोची वेळ जुळली नाही की पुढे फार खटपट होते. आकाशासमोर बसलेला पक्षी काळा ठिक्कर येतो, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवा. पांढऱ्या बगळ्याला थोडं कमी करा. रॉची (कॅमेऱ्याने न प्रक्रिया केलेल्या जड फाइलची) काळजी करू नका, नोंदीसाठी नेहमीचा जेपेग पुरतो. फक्त नंतर त्यावर सॉफ्टवेअरचा फार हात फिरवू नका. रवाळपणा घालवताना पंखावरची बारीक पट्टीही पुसली जाते आणि मग पर्णवटवट्यांवर, म्हणजे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या बारीक वटवट्यांवर, वाद घालत बसावं लागतं.

पक्षी दिसला की पहिला फोटो आहे तिथूनच, जसा येईल तसा काढा, जवळ जाणं नंतर. बर्स्ट, म्हणजे एका दमात धडाधड काढलेले फोटो, लांबवला की कॅमेरा साठवत बसतो आणि नेमका तेव्हा पक्षी वळतो, म्हणून तीन-चारच्या तुकड्यांत काढा. पक्षी गात असेल तर सरळ व्हिडिओ घ्या. आवाज मिळतो, शेपटी हलवायची लकब मिळते, आणि फोर-के व्हिडिओतली एक चौकटही ८ मेगापिक्सेलची असते.

दुकानात गेलात तर नमुना फोटो काढत बसू नका. नंबराचा चष्मा असेल तर आधी डायऑप्टर, म्हणजे व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबराला जुळवायचं चाक, जुळवा. मग कॅमेरा बंद करून गळ्यात सोडा, बाहेर दूरची एखादी पाटी किंवा खांबावरचा दिवा नजरेत धरा, आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्याला लावून, सुरू करून, पूर्ण झूमवर तो दिवा चौकटीत आणा. मनात आकडे मोजा. प्रत्येक कॅमेऱ्यावर दहादा. पहिले तीन प्रयत्न धरू नका.