ब्लेड रनर दुसऱ्यांदा बघणार असशील तर

अरे, पहिल्यांदा नवा पिक्चर, ‘ब्लेड रनर २०४९’, कंटाळवाणा वाटला म्हणून सोडू नकोस, मलापण तसंच झालेलं. आधी १९८२ चा जुना बघ, पण २००७ चा फायनल कट, म्हणजे दिग्दर्शकाने शेवटी पक्की केलेली आवृत्ती घे, त्यात हॅरिसन फोर्डची ती सतत समजावून सांगणारी कॉमेंट्री नाहीये, ती असली की मजाच जाते. मग दोनेक दिवसांनी नवा, २०१७ चा लाव.

मी गेल्या आषाढात रत्नागिरीला घरी दोन्ही परत बघितले, बाहेर पागोळ्या धो धो गळतायत आणि स्क्रीनवर पण पाऊसच, जुन्यातला व्हिलन रॉय बॅटी छपरावर भिजत बसलाय, हातात पांढरं कबुतर. आता गंमत बघ, नव्याच्या शेवटी त्यातला हिरो ‘के’ पायऱ्यांवर आडवा होतो तेव्हा पाऊस नाही, बर्फ पडतोय, पण मागे म्युझिक जुन्या त्या पावसातल्या सीनचंच! हे कळलं ना, अंगावर काटा आला माझ्या.

दोन्ही पिक्चरमध्ये सुरुवातीलाच डोळ्याचा क्लोजअप आहे तेपण बघून ठेव. स्टोरी कुठली भारी हे लगेच ठरवायला जाऊ नको, मला अजून जुनाच जवळचा वाटतो. आणि हेडफोन लाव हां, कौलांवरच्या पावसात डायलॉग ऐकूच येत नाहीत.