चहापत्तीतून कॅफिन काढताना फनेलमध्ये फेसाळ थर का बसतो, आणि शेवटी हिरवट पावडरच का हाती लागते?

१० ग्रॅम चहा घेऊन चिमूटभर हिरवट माल आणि फनेलमध्ये न सुटणारा फेस, ही दोन्ही दुखणी मी एमएस्सीला भोगलीयेत म्हणून सांगतो.

आधी फेस. तुम्ही सेपरेटिंग फनेल (थर वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं काचेचं भांडं) लस्सी घुसळल्यासारखा हलवताय, पैज लावतो. सोडियम कार्बोनेट टाकून पत्ती उकळली की टॅनिनचे क्षार होतात, ते पाण्यातच राहतात, डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन, कॅफिन ओढून घेणारं सॉल्व्हंट) जात नाहीत, हवंय तेच. पण हेच क्षार साबणासारखे वागतात, त्यामुळे जोरात हलवलं की इमल्शन, म्हणजे दोन्ही थर एकमेकांत मिसळून न सुटणारा फेस, झालंच समजा. फनेल आडवा धरून नुसता हळूहळू डोलवायचा, पाच-सात मिनिटं, आणि मधूनमधून स्टॉपकॉक (तोटी) उघडून गॅस सोडायचा. फेस झालाच तर थोडं मीठ टाका, काचेच्या कांडीने थर हलकेच ढवळा आणि गप्प बसा. आम्ही एकदा फनेल स्टँडला अडकवून कँटीनला गेलो, परत आलो तर निम्मं काम आपोआप झालेलं! तरी राहिलाच तर तेवढा भाग कापसाच्या बोळ्यातून गाळा. आणि हो, उकळलेल्या चहाचा काढा पूर्ण गार झाल्याशिवाय डीसीएम ओतू नका, ते ४० डिग्रीलाच उकळतं, बूच उडून छताला लागतं.

आता यील्ड, म्हणजे शेवटी हाती किती कॅफिन येतं ते. चहात कॅफिन साधारण २ ते ४ टक्के, म्हणजे तुमच्या १० ग्रॅममध्ये मुळात २००-४०० मिलिग्रॅमच आहे, त्यातलं १०० हातात आलं तरी रडायचं कारण नाही. पण ६० मिली डीसीएम एकदम ओतत असाल तर चुकतंय. समजा काढा १०० मिली आहे आणि पार्टिशन कोइफिशंट (कॅफिन डीसीएममध्ये पाण्याच्या किती पट जास्त विरघळतं तो आकडा) ५ धरला (हिशोबापुरता हं), तर एकदम ६० मिलीत ७५ टक्के कॅफिन येतं, तेच २०-२० मिली तीनदा केलं तर साडेसत्याऐंशी. सॉल्व्हंट तेवढंच, फक्त कंटाळा जास्त.

माझं यील्ड तर एकदा शून्य आलं होतं. आदल्या आठवड्यात ईथरचं प्रॅक्टिकल झालेलं, ईथर वर तरंगतं, तेच डोक्यात, म्हणून मी खालचा थर खुशाल वेस्टच्या बाटलीत सोडला आणि वरचं चहाचं पाणी जपून ठेवलं. डीसीएम पाण्यापेक्षा जड, घनता १.३३, ते खाली बसतं. तेव्हापासून माल वजन करून होईपर्यंत मी काहीच फेकत नाही, आणि शंका आली तर पाण्याचा एक थेंब टाकून बघतो कुठल्या थरात मिसळतो ते.

डीसीएमचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर ठेवा, दाणे रव्यासारखे सुटे फिरेपर्यंत टाकत राहायचं, गोळा होतोय म्हणजे पाणी बाकी आहे. मग डीसीएम वॉटर बाथवर डिस्टिल करून काढा, हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात).

हिरवा रंग क्लोरोफिलचा, तो डीसीएममध्ये विरघळून कॅफिनबरोबर येतो, त्यात तुमची काही चूक नाही. कितीही धुतलंत तरी जाणार नाही, सब्लिमेशन करा. साधारण १८० च्या आसपास कॅफिन सरळ वाफ होऊन वर जातं, हिरवं खाली राहतं. घाई करून आच वाढवली तर खालचा माल करपतो आणि वर पिवळट डाग येतात, सावकाश तापवलं तर वरच्या थंड काचेवर कापसाच्या तंतूंसारख्या पांढऱ्या सुया उगवतात, ते बघायला मात्र मजा येते.

मेल्टिंग पॉइंट २३५ ते २३८ यायला हवा, पण कॅपिलरी (माल भरायची बारीक काचेची नळी) दोन्ही टोकांना बंद करा. मी एकच टोक बंद केलं होतं, २०० च्या पुढे भिंगातून बघतो तर तळाशी काहीच नाही, सगळा माल उडून वर चिकटलेला.