थेरपीच्या पहिल्या सेशनला जाण्याआधी

अगं, गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची गरज नाही. मीही लावायचे. कॉलेज रोडला कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच, म्हणून ‘दातांच्या डॉक्टरकडे आले होते’ हे उत्तर तयार असायचं. वर्षभरात माझे सगळे दात किडले असावेत, असं मावशीला वाटलं!

आधी थेरपिस्टची पदवी विचार, लाजू नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञाची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. गोळ्या लिहून देणं हे सायकिॲट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरचं काम. फी फोनवरच विचार.

सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं. पहिल्या वेळी मी चाळीस मिनिटं सासूबाईंवरच बोलले. उठता उठता बाबांचा विषय निघाला आणि रडूच फुटलं. तशीच ऑफिसला गेले, डोळे सुजलेले, सगळे विचारताहेत काय झालं. तेव्हा नंतरचा अर्धा तास मोकळा ठेव. गंगापूर रोडला कुठेतरी चहा घे, मग घरी जा.

माझ्या पहिल्या समुपदेशक बाई तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, ‘थोडं ॲडजस्ट करा.’ तो सल्ला घरी फुकट मिळत होता. बदलल्या. पण तुला काही खटकलं तर आधी तोंडावर सांगून बघ. चांगला थेरपिस्ट त्यावर चिडत नाही.

तुझं बोलणं गुप्त राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल तर मात्र अपवाद. आणि रात्री-बेरात्री जड झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतून. नंबर आत्ताच सेव्ह कर.