लॉन्ड्रीचं पाणी पावसाळी गटारात सोडलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय: "रबाळ्यात हॉटेलच्या चादरी-टॉवेलची लॉन्ड्री टाकतोय. साबणाचंच पाणी आहे, मागच्या पावसाळी गटारात सोडलं तर चालेल का? एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कन्सेंट, म्हणजे संमती, लागते का?"

नाही चालणार. आणि "साबणाचंच पाणी" हे शब्द मी थोरल्या भावाच्या तोंडून सहा वर्षं ऐकलेत, म्हणून लिहायला बसलो.

आमची लॉन्ड्री ऐरोलीत होती. ड्रेनेजचं चेंबर गाळ्याच्या पुढे, पावसाळी गटार मशिनच्या पाठीमागे. दादाने पाइप मागे काढला, पंधरा फुटांत काम भागलं. हे गटार कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, त्यातलं पाणी तसंच ठाणे खाडीत उतरतं. एका मे महिन्यात गटारावर गुडघाभर फेस आला. दिवा कोळीवाड्यातले एक काका बादली घेऊन दारात आले. भांडले नाहीत. बादली ओट्यावर ठेवून म्हणाले, "हात घाल." घातला, तर बुळबुळीत. कॉस्टिक सोडा हाताला लागतो तसं. पीएचचा, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारा, कागद बुडवला, ११ च्या आसपास (साधं पाणी ७). सोडायची मर्यादा ५.५ ते ९. मला मान वर करता आली नाही. दादा मात्र म्हणाला, एका लॉन्ड्रीने खाडी मरत नाही.

कन्सेंट लागते. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २५. आधी उभारणीची, मग चालवण्याची. नाल्यात सोडायचं तर बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, शुद्धीकरण केंद्राला जोडलेल्या मलवाहिनीत ३५० पर्यंत चालतो. म्हणजे पाइप कुठे जोडता यावरच तुमचा निम्मा खर्च ठरतो. दादाला मी हेच सांगत होतो.

लिंटसाठी, म्हणजे कपड्यांच्या सुटलेल्या तंतूंसाठी, जाळी बसवा आणि दिवसभराचं पाणी एका टाकीत जमवा. पहिल्या धुण्याचं कडक पाणी शेवटच्या खळबळलेल्या पाण्यात मिसळलं की पीएच बराच उतरतो, मग ॲसिड थोडंच लागतं. एवढं आम्ही पहिल्या वर्षी केलं असतं तर काका बादली घेऊन आले नसते. धंद्यात भाऊ भागीदार असेल तर पाइपचा वाद गाळ्याचा करार करण्याआधी मिटवा, नंतर तो मिटत नाही.

माझा अनुभव हॉटेलच्या कपड्यांचा. हॉस्पिटलचे घेणार असाल तर हायपो (क्लोरीनचं ब्लीच) जास्त लागतो आणि तो उरला तर शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू मारतो. त्याची सोय वेगळी करावी लागेल.