कॅनडात लेव्हल वन स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर स्वतःला कितपत चालवता यायला हवं?

तुम्ही लिहिलंय की चार सीझन झाले, निळ्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारांवर दोन्ही बाजूंना वळता येतं, पण उड्या अजिबात जमत नाहीत, तर 'कॅसी'चं लेव्हल वन करावं का? करा. उड्यांचं तिथे कोणी विचारत नाही. मी टोरांटोच्या उत्तरेला एका लहानशा टेकडीवर शनिवार-रविवार नवशिक्यांना शिकवतो (बाकी पाच दिवस कॉम्प्युटर आहेच), आणि सहा हिवाळ्यांत एकानेही 'उडी शिकवा' म्हटलेलं नाही. लोकांना थांबता यायला हवं असतं.

कॅसी म्हणजे कॅनेडियन असोसिएशन ऑफ स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर्स. लेव्हल वनचा कोर्स तीन दिवसांचा असतो. त्यात तुमचं चालवणं बघतात आणि शिकवणंही बघतात. शिकवण्याच्या पद्धतीला 'क्विकराइड' म्हणतात, तिच्या पाच पायऱ्या: बेसिक्स, स्लायडिंग, कंट्रोल, टर्निंग आणि फ्लो. पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात.

खरी गंमत अशी की वेगात चालवणं सोपं असतं, हळू चालवणं नाही. विद्यार्थी पहिल्यांदा टाचेकडच्या कडेवर, म्हणजे हीलसाइडवर, उताराकडे तोंड करून आडवा घसरतो, तेव्हा तुम्ही त्याच्या खाली, त्याच्याकडे तोंड करून, स्वतः टोसाइडवर, म्हणजे बोटांकडच्या कडेवर, असता. दोघांचे हात हातात. नंतर तो टोसाइडवर आला की त्याचं तोंड वर होतं, मग तुम्ही त्याच्या वरच्या बाजूला हीलसाइडवर. म्हणजे दोन्ही कडांवर गोगलगायीच्या गतीने, आपल्या पायांकडे न बघता घसरता यायला हवं. शिवाय विद्यार्थ्याचा उजवा पाय पुढे असेल तर तुम्हालाही उलटं उभं राहून दाखवता आलं पाहिजे. कोर्समध्ये भारी चालवणारी पोरं इथेच अडखळतात. आणि हो, हात धरण्याआधी विचारायचं, लहान मूल असलं तरी.

बर्फावर जाण्याआधीच निम्मं काम बुटांपाशी होतं. आपले लोक थंडीच्या भीतीने दोन-दोन मोजे घालून येतात, मग बूट एक नंबर मोठा घेतात. आत टाच उचलली जाते आणि बोर्डाला काही कळतच नाही. एकच मोजा, टाच घट्ट, बोटं पुढे जेमतेम टेकलेली. कुठला पाय पुढे, हे मी गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरायला लावून ठरवतो. डावखुरा फलंदाज म्हणजे उजवा पाय पुढे, असं काही नसतं. मग पडायला शिकवायचं. पुढे पडलात तर मुठी मिटून कोपरापर्यंतच्या हातांवर, मागे पडलात तर हनुवटी छातीला लावून बसल्यासारखं. नवशिक्यांची मनगटंच जास्त मोडतात, कारण आपण सगळेच पडताना पंजा टेकवतो.

आता यातली मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. मागच्या जानेवारीत ब्रॅम्प्टनहून एक काका आले होते, मूळचे सोलापूरचे, पन्नाशी ओलांडलेले. टोसाइडवर दहा-बारा फूट नीट घसरायचे आणि धाडकन पाठीवर. चार वेळा तेच. मी प्रत्येक वेळी 'घाबरू नका, वर बघा' म्हणत होतो. पाचव्या वेळी त्यांच्या पायांकडे बघितलं, तर पोटऱ्या थरथरत होत्या. विचारलं तर म्हणाले, "अहो, तुम्हीच सांगितलंत ना चवड्यांवर उभे राहा!" चवड्यांवर ताठ उभा राहिलेला माणूस किती वेळ टिकणार? पोटऱ्या थकल्या की टाचा खाली येतात, बोर्ड सपाट होतो, उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस मागे आपटतो. हेल्मेट होतं म्हणून ठीक. मग सांगितलं, चवडे विसरा, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवा, गुडघे बर्फाकडे वाकवा, कंबर पुढे घ्या. पुढच्याच फेरीत खालपर्यंत आले. चूक त्यांची नव्हती, माझ्या वाक्याची होती. हीलसाइडला 'खुर्चीत बसा' म्हटलं तरी तसंच होतं, लोक बूड मागे काढून कमरेतून पुढे वाकतात.

म्हणून कोण कसा पडला यापेक्षा पडायच्या आधी पाय, गुडघे, नजर कुठे होती ते बघायची सवय लावा. भीतीने माणूस मागच्या पायावर रेलतो, पुढचा भाग हलका होतो आणि बोर्ड वळतच नाही. त्याला 'वळा, वळा' ओरडून काय उपयोग?

बोलणं कमी ठेवा. माझ्या पहिल्या वर्गात उणे १४ अंशांत मी कडांवर वीस मिनिटं प्रवचन दिलं होतं. एका मुलीने हात वर केला. मला वाटलं शंका आहे. तिला हॉट चॉकलेट हवं होतं.

जागेचंही तसंच. पहिला उतार असा निवडा की खाली सपाटी असेल, म्हणजे काहीही केलं तरी बोर्ड आपोआप थांबेल. गट कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल असा उभा करा.

कोर्सच्या आधी दोन-तीन दिवस सोप्यात सोप्या उतारावर काढा. मागचा पाय मोकळा ठेवून सरळ घसरा, लिफ्टवरून उतरा, मग उलटा पाय पुढे घेऊन दोन्ही कडांवर आडवे घसरा. शेजारून पाच वर्षांची पोरं सुसाट जातील, जाऊ द्या.