बी.ए.नंतर बी.एससी.: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: बारावी कला शाखेतून, इतिहास घेऊन बी.ए. पूर्ण, सध्या नोकरी चालू. आता रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेऊन बी.एससी. करायचं आहे. पदवी हातात असताना पुन्हा बारावी द्यावी लागेल का?

बहुतेक ठिकाणी, होय. बी.एससी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश देताना तुमची बी.ए. कुणी बघत नाही. बारावीच्या गुणपत्रिकेवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र आहे का, एवढंच बघतात. 'पदवीधर आहे, म्हणजे बारावीचा प्रश्न संपला' हा समज इथे सगळ्यात महाग पडतो. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) बी.एससी.लाही बारावी विज्ञान लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२५ च्या नियमांनी बारावीला कोणतेही विषय असले तरी ज्या विषयात पदवी करायची त्याची प्रवेश परीक्षा देऊन पदवीला जाण्याची वाट मोकळी केली आहे. पण आपल्याकडची अनेक महाविद्यालयं बी.एससी.ला प्रवेश परीक्षा घेतच नाहीत, थेट बारावीच्या गुणांवर यादी लावतात. तिथे या नियमाचा उपयोग काय? म्हणून ज्या विद्यापीठात जायचं आहे, त्याच्या माहितीपुस्तिकेत हे आलं आहे का ते पाहा आणि त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका.

खात्रीची वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. बारावी उत्तीर्ण असलेल्याला तिथे जास्तीत जास्त ४ विषय स्वतंत्रपणे देता येतात. गणित (विषय-क्रमांक ३११), भौतिकशास्त्र (३१२), रसायनशास्त्र (३१३), जीवशास्त्र (३१४). इंग्रजी तुमच्या जुन्या बारावीत आहेच. राज्य मंडळातही 'तुरळक विषय' (मोजक्याच विषयांची परीक्षा देणं) हा प्रकार आहे, पण विज्ञानाला प्रात्यक्षिकं असल्यामुळे ती करून घ्यायला कनिष्ठ महाविद्यालय तयार व्हायला हवं, आणि घोडं बहुधा तिथेच अडतं.

जादा विषयांची मिळते ती फक्त गुणपत्रिका, नवं बारावीचं प्रमाणपत्र नव्हे. जुनी कला शाखेची गुणपत्रिका आणि ही नवी, दोन्ही मिळून चालतील का, हे शुल्क भरण्याआधी महाविद्यालयाला लेखी विचारा. तोंडी 'चालेल' म्हणणारा कारकून प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर असेलच असं नाही. वैद्यकीयकडे वळायचा विचार असेल तर तिथे प्रश्न मिटलेला आहे: बारावीनंतर जादा विषय म्हणून घेतलेलं भौतिक-रसायन-जीवशास्त्र 'नीट'साठी चालतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं.

आता वेळापत्रक. एनआयओएसची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलची घेतली तर निकाल जूनमध्ये येतो आणि तोवर आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या पहिल्या याद्या लागून गेलेल्या असू शकतात. म्हणून ऑक्टोबरची बरी. तिची नोंदणी साधारण १६ सप्टेंबर ते ३१ जानेवारी अशी चालते (तारखा दरवर्षी तपासा), परीक्षा पुढच्या ऑक्टोबरात, आणि गुणपत्रिका त्यानंतरच्या जूनच्या प्रवेशाआधी हातात. एकूण दीड-पावणेदोन वर्षं धरा. यापेक्षा लवकर करून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांपासून लांब राहा.

भौतिक आणि रसायनला लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २०. दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. पण तुमची यादी विज्ञान विषयांच्या गुणांवर लागणार आहे, तेव्हा काठावर पास होऊन काही साधत नाही.

गणित की जीवशास्त्र? भौतिकशास्त्र करायचं तर गणिताला पर्याय नाही. रसायनशास्त्राला जीवशास्त्रावर प्रवेश मिळतो, पण भौतिक रसायनात डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आणि लॉग येतातच, तेव्हा सुटका तिथेही नाही. माझं मत: गणित घ्याच.

कला शाखेतून येणाऱ्याचं खरं दुखणं वाचनाच्या सवयीत असतं. धडा वाचला, समजला, पुढे गेलो, असं इतिहासात चालतं. इथे समजलेलं गणित कागदावर सुटेपर्यंत आलेलं नसतं. उदाहरण घ्या: ०.१ मोलर (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल; एक मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम) सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं, २५० मिली द्रावण करायचं आहे. रेणुवस्तुमान ४०. मग ४० × ०.१ × ०.२५ = १ ग्रॅम. इथे मिलीचं लिटर करायचं विसरून २५० तसंच गुणलं की उत्तर १,००० ग्रॅम येतं. पाव लिटर पाण्यात एक किलो कॉस्टिक सोडा! उत्तर हास्यास्पद आहे हे चटकन दिसायला हवं, आणि ती नजर शेकडो गणितं सोडवल्यावरच येते.

म्हणून नोंदणीच्या आधीचे चार महिने दहावीच्या गणिताला आणि विज्ञानाला द्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात. क्रम असा ठेवा: अपूर्णांक आणि घातांक, समीकरणं, आलेख, त्रिकोणमिती, मग लॉग. साइन-कोसाइन येत नसताना अकरावीचे व्हेक्टर उघडले की दोन आठवड्यांत पुस्तक मिटतं. लॉगशिवाय पीएच (आम्लता सांगणारा आकडा) निघत नाही: हायड्रोजन आयनांची संहती (लिटरमागे किती मोल) २ × १०⁻³ असेल तर, २ चा लॉग ०.३० म्हणून, पीएच ३ − ०.३० = २.७०. हे कॅल्क्युलेटरशिवाय जमलं पाहिजे.

माध्यम मराठी असेल तर एक वही दोन रकान्यांची करा. वेग-व्हेलॉसिटी, चाल-स्पीड, त्वरण-अ‍ॅक्सलरेशन, संवेग-मोमेंटम, वस्तुमान-मास, घनता-डेन्सिटी. बी.एससी. इंग्रजीतच शिकवतात, आणि वेग-संवेग यांत गोंधळ झाला की अख्खा प्रश्न चुकतो.

एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रावरची प्रात्यक्षिकं उरकली जातात, आणि त्याचा हिशोब पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये होतो. टायट्रेशन (संहती माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्याची संहती काढणं) घ्या. ब्युरेट (खुणा आणि तोटी असलेली नळी) आधी पाण्याने आणि मग भरायच्या द्रावणानेच विसळायची, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. शंकुपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. ते द्रावणाने विसळलं की मोजलेल्यापेक्षा जास्त मोल आत राहतात. पिपेटच्या (ठरावीक माप उचलायच्या नळीच्या) टोकाशी राहिलेला थेंब फुंकून काढायचा नाही. फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) फिकट गुलाबी झालं की थांबायचं, गडद झालं म्हणजे पुढे गेलात. रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळेपर्यंत पुन्हा करायचं. आणि वर काढलेला तो १ ग्रॅम सोडाही हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. ऑक्झॅलिक आम्लाने त्याची खरी संहती काढावी लागते.

नोकरीचं स्पष्ट सांगायचं तर पूर्णवेळ नोकरी आणि नियमित बी.एससी. एकत्र जमत नाहीत. व्याख्यानं कुणाच्या वहीवरून भरून निघतील, लॅबची हजेरी नाही निघणार.

पैशांत एक खड्डा आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीच्या नियमांत एक टप्पा पार करून त्याच टप्प्याचं दुसऱ्या विषयातलं शिक्षण घेणाऱ्याला वगळलं आहे, आणि बी.ए.नंतर बी.कॉम. हे उदाहरण नियमातच दिलं आहे. बी.ए.नंतर बी.एससी. त्याच माळेतलं. शिष्यवृत्ती धरून हिशोब मांडू नका.

कागदपत्रांत एनआयओएसची गुणपत्रिका, आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन (दुसरीकडे जाण्याचा दाखला), महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. एनआयओएस हे राज्य मंडळाबाहेरचं असल्याने विद्यापीठाची एलिजिबिलिटीही (पात्रता प्रमाणपत्र) काढावी लागते. आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन आत्ताच मागून ठेवा, जूनच्या गर्दीत ते वेळेवर मिळत नाही.

यातलं काहीच नको असेल आणि ओढा संगणकाकडे असेल, तर आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. (डेटा सायन्स) पाहा. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी हवं. चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग परीक्षा केंद्रावर जाऊन क्वालिफायर (प्रवेशासाठीची पात्रता परीक्षा). नोकरी सांभाळून होण्यासारखं आहे. रसायनाची लॅब मात्र त्यात नाही.